भूगर्भातील उष्ण जलाचा मागोवा : वाल्डेमार लिंडग्रेन

नदीच्या वाळूतून सुवर्णकण वेचणाऱ्या झारेकऱ्यापासून खोल खाणीत सुरुंग लावणाऱ्या मजुरापर्यंत सर्वांना सोने कोठे सापडते, हे पिढ्यान्‌ पिढ्या ठाऊक होते. ते तेथे आले कसे, हा प्रश्न मात्र एकोणिसावे शतक सरत आले तरी वादग्रस्तच होता. कठीण खडकाला गेलेल्या भेगेत पांढऱ्या गारेची शिरा असते आणि त्या गारेत क्वचित सोन्याचांदीचे कण विखुरलेले असतात. ही शिरा खाली किती खोल जाईल, हे कोणीच खात्रीने सांगू शकत नसे. या अज्ञानाची किंमत फार मोठी होती. अमेरिकेतील नेवाडा प्रांतात व्हर्जिनिया सिटी येथे १८५९ मध्ये कॉम्स्टॉक नावाची चांदी-सोन्याची प्रचंड शीर सापडली. १८७३ मध्ये तेथे असा समृद्ध साठा हाती लागला, की सॅन फ्रॅन्सिस्कोचा शेअरबाजार वेडावून गेला. खोलवर आणखी धन असेल या आशेने तीन हजार फुटांपर्यंत विवरे खणली गेली. हाती लागले ते मुख्यतः कढत पाणी. १८८० नंतर खाणींना उतरती कळा लागली, भागधारकांचे पैसे बुडाले आणि गजबजलेले नगर हळूहळू ओस पडू लागले. याउलट शेजारच्याच कॅलिफोर्नियातील ग्रास व्हॅलीच्या शिरा वर्षानुवर्षे खाली खाली जातच राहिल्या. एक शीर अकस्मात संपते आणि दुसरी संपत नाही, असे का व्हावे? या प्रश्नाला शास्त्रीय उत्तराची दिशा ज्यांनी दाखविली, त्यांत वाल्डेमार लिंडग्रेन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

लिंडग्रेन यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८६० रोजी स्वीडनच्या आग्नेय भागातील काल्मार नगराजवळ व्हासमोलोसा या गावी झाला. वडील न्यायाधीश होते. मुलाचा ओढा मात्र कायद्याच्या ग्रंथांपेक्षा खनिजांकडे होता. स्वीडन हा खाणींचाच देश. तरीही खाणशास्त्राचे उच्च शिक्षण घेण्यासाठी त्या काळी यूरोपातील विद्यार्थ्यांचे पाय सॅक्सनीतील फ्रायबर्गकडे वळत. तेथील खाणशास्त्र प्रबोधिनी १७६५ मध्ये स्थापन झालेली होती. तिच्यातून लिंडग्रेन १८८२ मध्ये खाण-अभियंता होऊन बाहेर पडले आणि धातुशास्त्र व रसायनशास्त्र यांच्या अभ्यासासाठी आणखी एक वर्ष तेथेच राहिले.

फ्रायबर्गचे नाव भूविज्ञानाच्या इतिहासात आणखी एका कारणाने गाजलेले आहे. याच प्रबोधिनीत आब्राहाम वेर्नर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस आपले सुप्रसिद्ध मत मांडले होते. पृथ्वीवर एकेकाळी सर्वत्र समुद्र होता, बहुतेक खडक त्याच्या पाण्यातून साचले आणि भेगांतील धातूही त्याच पाण्यातून, म्हणजे वरून खाली, येऊन बसल्या, असे ते मत. शिरांतील धन खालून वर आले, हे पुढे जगाला पटविणारा एक प्रमुख अभ्यासक वेर्नर यांच्याच विद्यापीठात घडावा, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण होय.

१८८३ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, लिंडग्रेन यांनी अटलांटिक ओलांडला. मातृभाषा स्वीडिश, शिक्षण जर्मन भाषेत आणि पुढचे सर्व लेखन इंग्रजीत, असा त्यांचा प्रवास झाला. प्रारंभी राफाएल पंपेली यांच्या हाताखाली वायव्येकडील प्रदेशाच्या सर्वेक्षणात त्यांनी काम केले. १८८४ मध्ये ते अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात रुजू झाले. हे खाते निघून तेव्हा अवघी पाच वर्षे झाली होती. तेथे त्यांनी तीन दशके काढली. १८८६ मध्ये ओटोलिना आल्स्ट्रिन या गोटेनबर्गच्या युवतीशी त्यांचा विवाह झाला.

खात्यात त्यांना गुरुस्थानी लाभले ते जॉर्ज बेकर. कॉम्स्टॉक खाणींचा सविस्तर अभ्यास करून बेकर यांनी १८८२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केलेला होता. आता ते पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या पाऱ्याच्या खाणींचा शोध घेत होते. या कामात त्यांच्या सोबतीने लिंडग्रेन यांनी जे पाहिले, त्याचा ठसा त्यांच्या पुढील विचारावर कायमचा उमटला. कॉम्स्टॉकपासून काही मैलांवरच स्टीमबोट स्प्रिंग्ज नावाची उन्हाळी आहेत. जमिनीच्या भेगांतून तेथे वाफ आणि कढत पाणी वर येई आणि त्याबरोबर आलेल्या सिलिकेचे पांढरे थर काठावर साचत. त्या थरांत पारा आणि अँटिमनी यांची गंधकयुक्त खनिजे होती. एवढेच नव्हे, तर सोन्याचांदीचे अंशही होते. शिरा कशा घडतात हे सांगण्यासाठी प्राचीन काळाची केवळ कल्पना करण्याची आता गरज उरली नाही. निसर्गाची ती भट्टी डोळ्यांसमोर धगधगत होती. पुढे लिंडग्रेन यांनी स्टीमबोट येथील अँटिमनीच्या खनिजाविषयी स्वतंत्र टिपणही लिहिले.

त्यानंतरची वीस वर्षे पायपिटीची होती. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतातील सुवर्णक्षेत्राचे नकाशे त्यांनी तयार केले. नेवाडा सिटी व ग्रास व्हॅली येथील शिरांवरील त्यांचा अहवाल १८९६ मध्ये, तर आयडाहो प्रांतातील सिल्व्हर सिटी आणि डी लामार येथील खाणींवरील अहवाल १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. ॲरिझोनातील क्लिफ्टन-मोरेन्सीच्या तांब्याच्या खाणींवर १९०५ मध्ये आणि कोलोराडोतील क्रिपल क्रीक या मृत ज्वालामुखीच्या सुवर्णक्षेत्रावर रॅन्सम यांच्यासमवेत १९०६ मध्ये त्यांनी ग्रंथ लिहिले. प्रत्येक ठिकाणी त्यांची पद्धत एकच होती. प्रथम खाणीत उतरून शिरेची भिंत पाहावयाची, नंतर नमुन्याचा पारदर्शक होईल इतका पातळ काप करून तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावयाचा आणि शेवटी रासायनिक पृथक्करणाशी त्याचा मेळ घालावयाचा. केवळ धातूकडे पाहून त्यांचे समाधान होत नसे. धातूच्या दोन्ही अंगांना असलेला सामान्य खडक कसा पालटला आहे, याकडे त्यांचे विशेष लक्ष असे. उष्ण जल ज्या खडकातून वाहत गेले त्याच्या मूळ खनिजांना विरघळवून त्याच जागी, तितक्याच आकारमानात, नवी खनिजे बसविते, हे त्यांनी शतकाच्या वळणावर लिहिलेल्या विस्तृत निबंधात दाखवून दिले. शिरेतील पाणी केव्हाच निघून गेलेले असते; पण जाताना त्याने भिंतीवर लिहून ठेवलेला मजकूर तेवढा उरतो. तो वाचण्याची लिपी लिंडग्रेन यांनी सिद्ध केली.

डी लामार येथे त्यांना गारेचा एक चमत्कारिक प्रकार आढळला. पातळ पत्रे एकमेकांना छेदत उभे करावेत, तशी तिची रचना होती. हे पत्रे मुळात कॅल्साइटचे होते आणि नंतर त्यांची जागा गारेने घेतली, हे त्यांनी ओळखले व नोंदविले. त्या पत्र्यांचा पूर्ण अर्थ उलगडण्यास मात्र पुढे अनेक दशके जावी लागली.

या काळात विद्वानांत मोठा वाद पेटलेला होता. जर्मनीतील झांडबर्गर यांच्या मते आजूबाजूच्या खडकांतूनच पाणी धातू झिरपवीत आणते आणि भेगेत साठविते. बोहेमियातील पोशेप्नी यांनी १८९३ मध्ये शिकागो येथील परिषदेपुढे ठेवलेल्या निबंधात धातू खोलवरून वर येणाऱ्या पाण्यातून येतात असे ठासून सांगितले. अमेरिकेत व्हॅन हाइस हे मोठ्या अधिकाराचे भूवैज्ञानिक होते. त्यांचा भर होता तो पावसाच्या पाण्यावर. पाऊस जमिनीत मुरतो, खोलवर जाऊन तापतो, वाटेत धातू विरघळवितो आणि पुन्हा वर येतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. लिंडग्रेन यांना हे अपुरे वाटले. धातूंच्या शिरा वारंवार अग्निजन्य खडकांच्या सान्निध्यातच का आढळाव्यात? मोरेन्सी येथे चुनखडकात शिरलेल्या अग्निजन्य खडकाने त्या चुनखडकात नवी द्रव्ये भरलेली त्यांनी प्रत्यक्ष पाहिली होती. निवत जाणारा शिलारस आपल्या पोटातील पाणी, वायू आणि धातू बाहेर टाकतो आणि हेच द्रव्य शिरांचे मूळ होय, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

त्यांची खरी स्वतंत्र देणगी मात्र याच्या पुढची आहे. तोपर्यंत खनिजसाठ्यांचे वर्गीकरण त्यांच्या आकारावरून होई : ही शीर, हा थर, हा गठ्ठा. लिंडग्रेन यांनी आकार बाजूला ठेवला आणि साठा कोणत्या तापमानाला, कोणत्या दाबाखाली व किती खोलीवर घडला, हा निकष मानला. काही खनिजे फार उष्णतेतच जन्म घेतात, काही सौम्य उष्णतेत. तेव्हा एकत्र आढळणाऱ्या खनिजांचा परिवार पाहून त्यांच्या जन्मस्थानाची परिस्थिती सांगता येते. १९०७ च्या एका निबंधात त्यांनी हा विचार मांडला आणि १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खनिजसाठ्यांवरील आपल्या पाठ्यग्रंथात त्याला व्यवस्थित रूप दिले. १९२२ मध्ये त्यांनी ग्रीक शब्दांच्या आधारे तीन सुटसुटीत नावे सुचविली. भूपृष्ठाजवळ, सुमारे ५० ते २०० अंश सेल्सियस तापमानाला घडलेले ते एपिथर्मल. मधल्या खोलीवर, २०० ते ३०० अंशांना घडलेले ते मेसोथर्मल. आणि खूप खोल, ३०० ते ५०० अंशांना घडलेले ते हायपोथर्मल. कॉम्स्टॉकची शीर पहिल्या वर्गातील, तर ग्रास व्हॅलीची दुसऱ्या. एक उथळ संपते आणि दुसरी खोल जाते, याचे कारण दोघींच्या जन्मपरिस्थितीत होते. ग्रास व्हॅलीची एम्पायर खाण तिरप्या मार्गाने ११,००० फुटांपर्यंत गेली आणि १९५६ पर्यंत चालली. खाणमालकाला पुढे भांडवल घालावे की हात आवरावा, याचा विचार करण्यासाठी प्रथमच शास्त्राचा आधार मिळाला.

एपिथर्मल साठा घडतो कसा, याचे लिंडग्रेन यांच्यानंतरच्या संशोधनाने पुरे झालेले चित्र असे आहे. भूपृष्ठाखाली काही किलोमीटरांवर शिलारसाचा साठा निवू लागतो. त्यातून जे स्फटिक बनतात त्यांत पाण्याला फारशी जागा नसते. म्हणून पाणी, गंधकाचे वायू, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड ही द्रव्ये बाहेर लोटली जातात. त्यांच्यासोबत तांबे, सोने, चांदी याही धातू निघतात. तांब्याचा बराच भाग खालीच, शिलारसाच्या माथ्याजवळ, स्थिरावतो. उरलेले उष्ण द्रव्य भेगांतून वर चढते. येथून दोन वाटा फुटतात. काही ठिकाणी गंधकाचे वायू फारसे सौम्य न होता वरपर्यंत पोहोचतात आणि पाण्यात मिसळून त्यांचे सल्फ्यूरिक आम्ल बनते. हे आम्ल खडकाला इतके खाऊन टाकते, की स्पंजासारखी सच्छिद्र सिलिका तेवढी मागे राहते. तिच्या छिद्रांत मग तांबे-आर्सेनिकाची खनिजे आणि सोने येऊन बसते. दुसऱ्या वाटेवर शिलारसातून आलेले द्रव्य खोलवर मुरलेल्या पावसाच्या पाण्यात मिसळते, खडकाशी झालेल्या विक्रियांनी त्याची आम्लता मावळते आणि विरघळलेल्या हायड्रोजन सल्फाइडाचा हात धरून सोने त्या पाण्यातून प्रवास करते.

हा प्रवास कोठे थांबतो? जेथे पाणी उकळते तेथे. खोलवर दाब मोठा असल्याने २५० अंशांचे पाणीही उकळत नाही. ते भूपृष्ठाखाली साडेचारशे-पाचशे मीटरांवर आले, की त्याला एकदम उकळी फुटते. वाफेबरोबर हायड्रोजन सल्फाइड निघून जातो, सोन्याचा आधार सुटतो आणि ते भेगेच्या भिंतीवर बसते. कार्बन डायऑक्साइडही निसटतो आणि त्यामुळे कॅल्साइटचे पातळ पत्रे तयार होतात. डी लामारच्या गारेतील त्या पत्र्यांचा अर्थ तो हाच : येथे पाणी उकळले होते. गार साचून भेग बुजते, भूकंपाच्या हादऱ्याने ती पुन्हा उघडते, पुन्हा उकळी, पुन्हा नवा थर. म्हणून या शिरा लुगड्याच्या काठासारख्या पट्ट्यापट्ट्यांच्या दिसतात. उकळण्याचा पट्टा उभ्या दिशेने अरुंद असल्यामुळे समृद्ध धातुकही त्याच पट्ट्यात राहते. कॉम्स्टॉकच्या भागधारकांचे स्वप्न ज्या खोलीवर भंगले तिचे रहस्य बव्हंशी यात आहे.

लिंडग्रेन यांचे सर्व म्हणणे काळाच्या कसोटीला उतरले असे मात्र नाही. गारेच्या स्फटिकात अडकलेल्या सूक्ष्म द्रवबिंदूंच्या अभ्यासातून एपिथर्मल साठे ३०० अंशांपर्यंतही घडतात असे दिसून आले. ग्रास व्हॅलीच्या शिरा आज पर्वतनिर्मितीशी निगडित अशा निराळ्या कुळातील मानल्या जातात. त्यांचे पाणी शेजारच्या अग्निजन्य खडकातूनच आले, हे लिंडग्रेन यांचे मत आता सरसकट स्वीकारले जात नाही. याहून मोठा धक्का १९७० च्या दशकात बसला. ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या समस्थानिकांचे मापन करता अनेक एपिथर्मल शिरांतील पाणी बव्हंशी पावसाचेच होते असे निष्पन्न झाले. व्हॅन हाइस यांचा पक्ष जणू कबरीतून उठून उभा राहिला. पण पुढील संशोधनाने पारडे पुन्हा सावरले. फिलिपीन्समधील लेपांतो येथे वरचा सोन्या-तांब्याचा एपिथर्मल साठा आणि शेजारी खोलवर असलेला पॉर्फिरी तांब्याचा साठा हे दोन्ही सुमारे १४ लाख वर्षांपूर्वी एकाच सुमारास घडले, हे १९९० च्या दशकात सिद्ध झाले. पापुआ न्यू गिनीतील लिहीर बेटावर तर खोल विहिरींतील उष्ण द्रवात १०० कोटी भागांत सुमारे १५ भाग सोने आढळले आणि ते शिलारसापासून आलेल्या द्रवातील होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार तेथे वर्षाला सुमारे २४ किलो सोने वर येते. या गतीने त्या बेटावरील १,३०० टनांचा साठा घडण्यास सुमारे ५५,००० वर्षे पुरेशी ठरतात. भूविज्ञानाच्या कालगणनेत हा क्षणच होय. आज मान्य झालेले मत दोन्ही पक्षांना न्याय देणारे आहे. उष्णता, गंधक आणि धातूंचा मोठा वाटा शिलारसाचा. तो वाहून नेणाऱ्या पाण्यात आकाशातील पावसाचाही भाग.

सर्वेक्षण खात्याचे प्रमुख भूवैज्ञानिक म्हणून लिंडग्रेन यांनी १९११-१२ मध्ये काम पाहिले. १९१२ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत भूविज्ञान विभागाचे प्रमुख म्हणून ते गेले आणि १९३३ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच अध्यापन करीत राहिले. त्यांच्या पाठ्यग्रंथाच्या १९१३, १९१९, १९२८ आणि १९३३ अशा चार आवृत्त्या निघाल्या आणि दोन पिढ्यांचे खाणभूवैज्ञानिक त्यावर पोसले गेले.

ग्रंथालयाच्या वाचकाला त्यांचे आणखी एक कार्य विशेष जवळचे वाटेल. १९०५ मध्ये आर्थिक भूविज्ञानाला वाहिलेले इकॉनॉमिक जिऑलॉजी हे नियतकालिक निघाले. त्याच्या संस्थापकांत लिंडग्रेन होते. पुढे जगाच्या कानाकोपऱ्यांत निरनिराळ्या भाषांत प्रसिद्ध होणारे या विषयावरील लेखन एखाद्या एकाकी अभ्यासकाच्या हाती कसे पडावे, ही चिंता त्यांना लागली. तिच्यातून १९२८ पासूनच्या साहित्याची, प्रत्येक नोंदीखाली थोडक्यात सार देणारी सूची सुरू झाली आणि तिच्यासाठी त्यांनी आपल्या उत्तरायुष्यातील पुष्कळ श्रम वेचले. इतरांचे वाचन सुकर व्हावे म्हणून एवढ्या मान्यवर पंडिताने सूचीकाराचे निरलस काम पत्करावे, यातच त्यांच्या स्वभावाची ओळख पटते.

मानसन्मान त्यांच्याकडे चालत आले. १९०९ मध्ये ते अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. १९२४ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेचे अध्यक्षपद आणि १९३३ मध्ये तिचे पेनरोझ पदक त्यांना मिळाले. १९३७ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेने वोलॅस्टन पदक देऊन त्यांचा गौरव केला. चिलीतील चुकिकामाता या तांब्याच्या खाणीत सापडलेल्या हिरव्या रंगाच्या एका खनिजाला १९३५ मध्ये लिंडग्रेनाइट हे नाव देण्यात आले. ३ नोव्हेंबर १९३९ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, मॅसॅच्युसेट्स राज्यात त्यांचे निधन झाले.

लिंडग्रेन यांचा विचार भारताच्या संदर्भातही उद्‌बोधक ठरतो. मात्र तो जपून लावला पाहिजे. कोलार आणि पूर्वीच्या निजाम राज्यातील हट्टी येथील सोने अतिप्राचीन खडकांतील खोल शिरांचे आहे. ते एपिथर्मल नव्हे. कोलारची खाण २००१ मध्ये बंद होईपर्यंत तीन किलोमीटरांहून अधिक खोल गेली होती, ही गोष्ट त्या कुळाला साजेशीच म्हटली पाहिजे. वज्रेश्वरी किंवा राजापूर येथील उन्हाळ्यांचे पाणीही खोल भेगांत उतरून भूगर्भातील सामान्य उष्णतेने तापते. त्यामागे धगधगता शिलारस नाही. प्रत्येक उष्ण झऱ्याखाली सोने नसते आणि प्रत्येक सोन्याची जन्मकथा सारखी नसते, हे भेद ओळखण्याची दृष्टी लिंडग्रेन यांच्यासारख्यांनीच दिली.

त्यांनी सुचविलेल्या तीन नावांपैकी हायपोथर्मल आणि मेसोथर्मल ही दोन आता जवळजवळ लोपली आहेत. एपिथर्मल हा शब्द मात्र जगभरच्या खाणींत आणि प्रयोगशाळांत रोज उच्चारला जातो. तापमानाच्या मर्यादा बदलल्या, पाण्याच्या उगमाचा हिशेब बदलला, तरी शब्द टिकला. कारण खडकाला त्याच्या आकारावरून नव्हे, तर तो ज्या परिस्थितीतून गेला तिच्यावरून ओळखावे, हे त्यामागचे सूत्र खरे होते. स्टीमबोटच्या काठावर त्या काळी कढत पाणी सिलिकेचे पातळ थर रचीत होते. त्या थरांकडे पाहून भूतकाळ वाचण्याची विद्या ज्यांनी सिद्ध केली, त्यांत व्हासमोलोसाच्या या सुपुत्राचे स्थान अढळ राहील.